१७०७ची पत्रे वाचणाऱ्या चिरंजीवास

मुक्काम शहापूर, जिल्हा ठाणे.

मोडी कागद वाचण्याचे काम चिरंजीवाने हाती घेतले आणि त्यातही ताराबाई व शाहू यांच्यातील यादवीच्या, म्हणजे एकाच मराठा राज्यातील दोन पक्षांच्या युद्धाच्या, आरंभीचा सरदारांचा पत्रव्यवहार निवडला, याचा वडीलधाऱ्यांस संतोष आहे. मात्र अमुक निष्ठावान आणि तमुक फितूर असा निवाडा आधी ठरवून त्या कागदांना हात घालू नये.

औरंगजेब १७०७च्या आरंभी वारला, मे महिन्यात शाहूंची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली, आणि दक्षिणेकडे येताना त्यांनी सरदारांना आपल्या बाजूस बोलावणारी पत्रे धाडली. ताराबाईंनी मात्र आलेला इसम तोतया, म्हणजे खोटा वारस, असल्याचे जाहीर करून सेनानींकडून शपथा घेतल्या. शाहू १६८९ साली सातव्या वर्षी पकडले गेले होते आणि त्यानंतरचे त्यांचे आयुष्य बादशाही छावणीत गेले होते, तेव्हा त्यांचा चेहरा ओळखणार कोण? सरदार परसोजी भोसले यांनी त्यांच्यासह एका ताटात जेवून त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिली असे सांगतात, आणि त्या काळी अशा ग्वाहीचे वजन कोणत्याही मोहरबंद कागदाहून अधिक होते. ताराबाईंच्या पक्षातील सेनानी धनाजी जाधव ऑक्टोबरमधील खेडच्या लढाईच्या वेळी शाहूंना मिळाले. शंकराजी नारायण सचिवांना मात्र ताराबाईंना दिलेली शपथ मोडवेना आणि शाहूंवर शस्त्रही उचलवेना, म्हणून त्यांनी प्राणत्याग केला. पावसाळ्यात लिहिलेल्या पत्राला खेडचा निकाल ठाऊक नव्हता, हे चिरंजीवाने प्रत्येक ओळीपाशी ध्यानात ठेवावे.

म्हणून मजकुराच्या आधी तारीख लावावी. राजपत्रांत राज्याभिषेक शक, म्हणजे १६७४पासून मोजलेला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस बदलणारा वर्षक्रम, आढळतो, आणि त्याचे ३३वे वर्ष १७०७च्याच उन्हाळ्यात संपून ३४वे लागले, तेव्हा एका आकड्याची चूक संपूर्ण घटनाक्रम उलटा करते. इतरत्र सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. खासगी पत्रांत पुष्कळदा केवळ तिथी असते आणि वर्ष नसते. तेथे वर्ष अंदाजाने न भरता जागा कोरी सोडावी. शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याची छोटी मुद्रा, आहे की नाही हेही पाहावे, कारण तिच्याखाली वाढवलेल्या ओळीवर विसंबता येत नाही.

शहापूरच्या मुलाकडून एक चूक सहज घडू शकते, ती अशी की शाहूकालीन कागदात ‘माहुली’ दिसली की आपला किल्ला आठवावा. वास्तविक तेथे बहुधा साताऱ्याजवळची, कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली अभिप्रेत असते. आपल्या माहुलीचा या यादवीशी संबंध जोडायचाच असेल तर तो पिंगळे घराण्याकडून जोडावा, कारण १६७०मध्ये हा किल्ला परत घेणाऱ्या मोरोपंतांचे एक पुत्र निळोपंत ताराबाईंच्या बाजूस राहिले आणि दुसरे बहिरोपंत शाहूंकडे पेशवे झाले. या दोघांच्या नावांचे कागद मिळतील तेवढे एकत्र लावून, तारखेच्या क्रमाने, एकाच वहीत उतरवण्यापासून चिरंजीवाने आरंभ करावा.