चांग-यीचा संस्थानिक व त्याचे शिक्षक

शिष्य बिघडला तर शिक्षकास कितपत जबाबदार धरावें, हा प्रश्न गांवोगांवीं शिकविण्याचें काम करणाऱ्या आमच्या बंधूंस नवा नाहीं. चीन देशांत ह्याच प्रश्नावर कित्येकांचे प्राण गेले, ती हकीकत आज आम्ही सांगतों.

हान घराण्यांतील वू सम्राटाचा नातू लिऊ-हे हा बाळपणींच चांग-यी संस्थानाच्या गादीवर बसला. शिकार व घोडदौड ह्यांवांचून त्यास दुसरें कांहीं सुचेना. वांग-ची नामक अधिकाऱ्यानें त्यास लेखी बोध केला. तेव्हां राजानें आपली चूक कबूल केली, वांग-चीकडे मांस व मद्य भेट पाठविलें, आणि पुनः पूर्ववत् वागूं लागला! बोधाची वाहवा करून बोध टाळणारे असे श्रोते आमच्या वाचकांनींही पाहिले असतील.

ख्रि. पू. ७४ मध्यें चाओ सम्राट निपुत्रिक वारला, व मुख्य कारभारी हुओ-ग्वांग ह्यानें लिऊ-हे ह्यास राजधानीस बोलाविलें. तो असा दौडत निघाला कीं, सोबत्यांचे घोडे वाटेंत मरून पडले. सुतकांतच त्यानें लांब बांग देणारे कोंबडे विकत घेतले व कपड्यांच्या गाडींत स्त्रिया लपवून आणविल्या. राजधानीची वेस दिसतांच, येथें शोक करण्याची रीत आहे, असें गोंग-सुई ह्या सेवकानें सुचविलें. राजा म्हणाला, घसा दुखतो, रडवत नाहीं.

अवघ्या २७ दिवसांत त्यास पदच्युत केलें. आरोप १,१२७! ही यादी त्यास काढणारांनींच केलेली, हेंही विसरूं नये. परंतु जिवावर बेतलें तें चाकरांच्या. राजास सन्मार्गास लाविलें नाहीं म्हणून दोनशेंहून अधिक अधिकारी ठार मारले गेले. वांग-ची व गोंग-सुई ह्यांनीं वेळोवेळीं बोध केला होता, म्हणून त्यांचें मुंडण व सक्तमजुरी ह्यांवर निभावलें.

राहिला राजाचा शिक्षक वांग-शी. तुझ्या बोधाचा एकही कागद कां नाहीं, असें त्यास तुरुंगांत विचारण्यांत आलें. त्यानें उत्तर दिलें कीं, आपण राजास ३०५ प्राचीन गीतें सकाळ-सायंकाळ शिकविलीं. निष्ठेचीं गीतें पुनःपुनः घोकविलीं, आणि अधर्मी राजांच्या नाशाचीं आलीं तेव्हां रडत रडत समजाविलीं. तोच आपला बोध. त्यास जीवदान मिळालें.

लिऊ-हे पुढें हाइहुनचा सरदार होऊन ख्रि. पू. ५९ मध्यें वारला. नानचांग शहराजवळ त्याची कबर २०११ सालीं उजेडांत आली. तींत सोनें व नाण्यांच्या राशी होत्या. शिवाय बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ होते, आणि त्यांत त्याच ३०५ गीतांचा संग्रह सांपडला.