दर तासाला, त्याच मिनिटाला

प्रश्न : आमचे घर सोनपेठला. घरात माणसे सहा आणि मोटारसायकली तीन. पूर्वी परळीला किंवा गंगाखेडला जायचे म्हटले की एसटीच. पुढे फेऱ्या कमी झाल्या म्हणून पहिली गाडी घेतली, मग मुलाच्या कॉलेजसाठी दुसरी, मग तिसरी. आता ऐकतो की प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या बंद कराव्या लागतात. मग आधी फेरी गेली की आधी प्रवासी गेला? आणि ही गाठ सुटते का? स्वित्झर्लंडमध्ये म्हणे लहान खेड्यातही तासाला बस असते. त्यांना ते कसे जमते?
— एक वाचक, सोनपेठ (जि. परभणी)

उत्तर : दोन्ही एकमेकांना घेऊन गेले. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ही गोष्ट नीट मांडून दाखवली. बसचा प्रवासी तिकिटाचे पैसे देतो तसा स्वतःचा वेळही देतो, आणि त्यातला थांबण्याचा वेळ त्याला सगळ्यात जड जातो. दर अर्ध्या तासाला गाडी असेल तर वेळ न बघता स्टँडवर गेलेल्या माणसाला सरासरी पंधरा मिनिटे थांबावे लागते. दोन तासांनी एक असेल तर तासभर. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात. फेऱ्या वाढल्या की जुन्या-नव्या सगळ्यांचेच थांबणे घटते, म्हणून आणखी प्रवासी येतात. हेच चाक उलटे फिरायला लागले की तितक्याच जोराने उलटे फिरते.

एक उदाहरण घ्या. दुपारी दोनची परतीची गाडी रिकामी येते म्हणून बंद केली. कागदावर नुकसान वाचले. पण सकाळी सातला परळीच्या दवाखान्यात जाऊन त्या दोनच्या गाडीने परत येणारी म्हातारी आता सकाळी सातच्या गाडीतही दिसणार नाही. ती मुलाच्या मागे मोटारसायकलवर बसेल, नाहीतर दवाखानाच पुढे ढकलेल. चार महिन्यांनी सातच्या गाडीचे भारमानही खाली आलेले असते, आणि मग तिच्यावरही विचार सुरू होतो.

भारमान हा शब्द एसटीत रोज बोलला जातो. गाडीत जितकी आसने, त्यातली किती भरली, याची ती टक्केवारी. फेरी ठेवायची की काढायची हे पुष्कळदा तिच्यावर ठरते. पण सकाळची गाडी परळीकडे जाताना खचाखच भरते आणि येताना मोकळी येते, तेव्हा दोन्हींची मिळून सरासरी निम्म्यावर येते. त्या सरासरीत उभ्याने गेलेली पोरे दिसत नाहीत. पासवाल्या विद्यार्थ्यांचे पैसेही वाहकाच्या बॅगेत पडत नाहीत. मासिक पासावर त्यांना सुमारे दोन-तृतीयांश सवलत असते, आणि सवलतीचे पैसे सरकारकडून महामंडळाला मागाहून मिळायचे असतात. म्हणजे सगळ्यात भरलेली गाडी संध्याकाळी हिशेब भरताना हलकी वाटू शकते.

त्यात अलीकडे दोन धक्के बसले. कोरोनाच्या टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२पर्यंत चालला. त्याआधी राज्यभर रोज सुमारे ६५ लाख माणसे एसटीने जात असत आणि ताफ्यात अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. नंतर गाड्याही घटल्या आणि प्रवासीही. ज्या घराने त्या दिवसांत हप्त्यावर मोटारसायकल काढली, ते हप्ते फिटेपर्यंत तरी स्टँडकडे वळत नाही.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट माझ्या मनाला लागली : माणसे सहा, गाड्या तीन. उरलेल्या तिघांचे काय? बहुधा त्यात तुमच्या आई असतील, सूनबाई असतील, शाळेत जाणारी मुलगी असेल. घरात गाडी आली की घराची सोय झाली असे आपण धरून चालतो. खरे तर ज्याच्या हातात किल्ली असते त्याचीच सोय होते. बाकीच्यांना कुणीतरी मोकळे होण्याची वाट पाहावी लागते, आणि ती वाट स्टँडवरच्या वाटेपेक्षाही लांब असते. मोठ्या शहरातल्या मोटारींच्या गर्दीबद्दल आपण रोज वाचतो. तालुक्याच्या गावातले हे अडकून पडणे कुणाच्या मोजमापात येत नाही. बसची खरी गरज या माणसांसाठी आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे निव्वळ नफ्यातोट्याच्या वहीतून बघणे मला पटत नाही.

आता खास सोनपेठची अडचण. परभणी जिल्ह्यात एसटीची आगारे परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी येथे आहेत, सोनपेठला नाही. आगार नसलेल्या गावात सकाळची पहिली गाडी बाहेरून येते. तिला यायलाच तास जातो, तोवर कॉलेजची वेळ टळते. दुसरे, तुमचा रोजचा ओढा परळीकडे, आणि परळी पडते बीड जिल्ह्यात. एसटीच्या कारभारात परभणी हा एक विभाग, बीड हा दुसरा. एकाच रस्त्यावरच्या गाड्यांची वेळापत्रके दोन कचेऱ्यांत बनतात. दोन्हीकडच्या गाड्या दहा मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग सुटल्या आणि पुढे दोन तास काहीच नाही, असे घडायला कुणाची वाईट इच्छा लागत नाही. कुणी समोरासमोर बसून वेळा लावल्या नाहीत, एवढे पुरते.

आगार नसलेल्या गावांसाठी एसटीने जुना आणि फार शहाणा उपाय काढला होता : मुक्कामी गाडी. माझ्या लहानपणी आमच्या गावाला ती रात्री आठच्या सुमारास यायची. चालक-वाहकांचे जेवण पाळीपाळीने घरोघरून जायचे. भाकरी, पिठले, उन्हाळ्यात कांदा. जेवून ते मारुतीच्या पारावर अंथरूण टाकायचे, पाऊस असला की गाडीतच आसनांवर आडवे व्हायचे. पहाटे साडेपाचला चालक इंजिन सुरू करून ठेवायचा आणि त्या घरघरीवर गाव उठायचे. दुधाच्या किटल्या टपावर चढायच्या, कुणी वाहकाच्या हाती औषधाची चिठ्ठी द्यायचे, आणि आमची थोरली बहीण ओल्या वेणीने धावत जाऊन खिडकीजवळची जागा धरायची. ती गावातली दहावीच्या पुढे शिकलेली पहिली मुलगी. तिचे पुढचे शिक्षण त्या गाडीवर झाले, असे आई शेवटपर्यंत सांगायची.

आता स्वित्झर्लंडचे. तिथे १९८२पासून देशभर एक साधा नियम लागू झाला : गाडी दर तासाला, आणि दर तासाच्या त्याच मिनिटाला. सातला वीस कमी असतील तर आठलाही वीस कमी, दुपारी एकलाही वीस कमी. लोकांना वेळापत्रक बघावे लागत नाही, एक मिनिट पाठ असले की दिवस पाठ. पुढे १९८७मध्ये जनतेने मतदान करून एक मोठी योजना मंजूर केली. तिच्यात मोठ्या स्टेशनांवर चहूकडच्या गाड्या एकाच सुमारास येतील आणि थोड्या वेळाने एकदम सुटतील, अशी रचना झाली. खेड्यातून आलेली पिवळी पोस्टबस त्याच ठोक्याला स्टेशनबाहेर उभी असते. शंभर माणसांची वस्ती असली तरी तिला सार्वजनिक वाहतुकीने जोडण्याचा खर्च केंद्र आणि प्रांत मिळून उचलतात. त्या फेऱ्या तोट्यात जातात हे त्यांनाही ठाऊक आहे. ते आधी ठरवतात की इतकी सेवा हवी, आणि तिकिटातून न निघणारी रक्कम सरकारी तिजोरीतून भरतात. ‘गाव तिथे एसटी’ म्हणताना आपल्यालाही हेच म्हणायचे होते.

यावर कुणी म्हणेल, तो श्रीमंत देश. पण गाडी-गाडीचा मेळ घालण्याची कल्पना आपल्या मातीतही होती. १९३२मध्ये निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा सुरू झाली ती रेल्वेच्याच खात्याखाली, अवघ्या २७ गाड्यांनिशी. परभणी तेव्हा त्याच राज्यात होते. रेल्वे आणि बस एका हातात होत्या. आज परभणीहून परळीला जाणारा लोहमार्ग गंगाखेडवरून जातो, सोनपेठ त्याच्या बाजूला राहते. सोनपेठच्या माणसाला रेल्वे हवी तर परळी किंवा गंगाखेड गाठावे लागते. गाडी स्टेशनात यायच्या अर्धा तास आधी बस पोचणार नसेल, तर ती रेल्वे सोनपेठसाठी नसल्यासारखीच.

मग दर तासाला परळीची गाडी हे आपल्याला न परवडणारे स्वप्न आहे का? हिशेब करून पाहू. जायला पाऊण तास धरा, टोकाला पंधरा मिनिटे थांबा. जाऊन-येऊन दोन तास. दर तासाला फेरी हवी असेल तर दोन गाड्या लागतात. दोनच. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत धरले तर प्रत्येक बाजूने पंधरा फेऱ्या होतात. त्यासाठी चालक-वाहकांच्या दोन पाळ्या, म्हणजे चार जोड्या, वर सुट्या-रजांसाठी आणखी एक-दोन जोड्या. त्यातली एक गाडी सोनपेठला मुक्कामी ठेवली की पहाटेची रिकामी धावही वाचते. आज जेवढ्या गाड्या या रस्त्यावर वेगवेगळ्या वेळी फिरतात त्यांचीच नीट मांडणी केली, तर नवीन गाड्या किती कमी लागतील हे दोन्ही विभागांनी एकत्र बसून पाहण्यासारखे आहे. बस मोठीच हवी असेही नाही. दुपारी छोटी गाडी चालेल, पण ती त्याच मिनिटाला सुटली पाहिजे.

काळी-पिवळीवाल्यांविषयी बरेच वाचक रागाने लिहितात. माझा राग नाही. एसटी नव्हती तेव्हा तीच जीप बाळंतिणीला घेऊन गेली आहे. पण जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून ती गर्दीच्या वेळचे प्रवासी नेते आणि दुपार-रात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. आपल्या राज्यात टप्प्याटप्प्यावर उतारू चढवण्या-उतरवण्याचा हक्क एसटीचा आहे, त्यामुळे जीपवाला कायम भीतीत असतो आणि वेळेने बांधलेला नसतो. केरळात खासगी बसला असा परवाना मिळतो, आणि परवान्याबरोबर सुटण्याची वेळही नेमून मिळते. गोव्यात ‘म्हजी बस’ योजनेत खासगी बसमालकांना कदंब महामंडळाच्या छत्राखाली आणले जात आहे. सोनपेठ तालुक्यातल्या आडगावांतून फाट्यापर्यंत जीपने यावे, फाट्यावर तासाची एसटी मिळावी, आणि जीपवाल्याला त्यासाठी उजळ माथ्याने परवाना मिळावा, असे मला मनापासून वाटते.

पैशाचा एक मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. मोटार घेणारा एकदा कर भरून मोकळा होतो. स्टँडवर उभी असलेली मजूर बाई मात्र प्रत्येक फेरीला कर भरते. हा कर कमी करून तेवढी रक्कम फेऱ्यांवर खर्च करा, ही मागणी कुठल्याही आमदाराकडे जरूर करावी.

आणि गावाने काय करावे? फक्त ‘गाड्या वाढवा’ असे निवेदन देऊ नका. ग्रामसभा, नगरपरिषद, शाळा-कॉलेजे यांच्याकडून यादी करा : कोण, किती जण, किती वाजता, कुठे जातात आणि कधी परततात. ती यादी ठरावाला जोडून, गाडी जिथून येते त्या आगाराच्या व्यवस्थापकाकडे द्या, आणि एकेक प्रत परभणी व बीड या दोन्ही विभाग नियंत्रकांना पाठवा. सहा महिने त्याच वेळा न बदलता चालवून बघा, असे त्यात स्पष्ट लिहा. प्रवाशाला विश्वास बसायला निदान एक शैक्षणिक सत्र लागते.

प्रश्न : एसटी सगळ्यांनाच फुकट केली तर गाड्या घरी राहतील का?

उत्तर : थोड्याच. बेल्जियममधल्या हासेल्ट शहराने १९९७मध्ये बस फुकट केली आणि प्रवासी कितीतरी पटींनी वाढले. पण त्याच वेळी त्यांनी गाड्या आणि फेऱ्याही भरपूर वाढवल्या होत्या, हे सांगायचे राहून जाते. खर्च झेपेना तेव्हा २०१३मध्ये योजना बंद झाली. लक्झेंबर्गमध्ये २०२०पासून जवळपास सगळे फुकट आहे, तरी रस्त्यावर मोटारी तशाच. आपल्याकडे पंच्याहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून मोफत आणि बायकांना १७ मार्च २०२३पासून निम्मे तिकीट झाले. त्याने ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या बाहेर पडू लागल्या, माहेरी जाऊ लागल्या, आणि मला त्याचा फार आनंद आहे. पण ज्या रस्त्यावर गाडीच नाही तिथे निम्मे तिकीट कशाचे काढायचे? एकाच रुपयाने सवलत द्यायची की फेरी, असा प्रसंग आला तर सोनपेठसारख्या ठिकाणी मी फेरी मागेन.

प्रश्न : रात्रीची शेवटची गाडी नेहमी रिकामी असते. ती काढून तेच डिझेल सकाळी वापरले तर?

उत्तर : काढू नये. परळीत संध्याकाळी शिकवणीला थांबलेली मुलगी सहाच्या गाडीने परतते, ती आठची गाडी आहे म्हणून. शिकवणी लांबली, सहाची चुकली, तरी घरी पोचता येईल, हे तिच्या वडिलांना माहीत असते. आठची काढली की ते तिला सहाला परत येऊ देणार नाहीत, चारलाच बोलावतील. पुढच्या वर्षी शिकवणीलाच पाठवणार नाहीत, किंवा भावाला मोटारसायकल घेऊन देतील. आठच्या गाडीत चार माणसे बसलेली दिसतात, पण सहाच्या गाडीतली पंधरा माणसे तिच्या भरवशावर आलेली असतात. तेव्हा ठराव लिहायला बसाल तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ सगळ्यात आधी लिहा.