वर्गातील मत्स्यपेटी : आधी वनस्पती, मग मासे

सृष्टिनिरीक्षणाच्या साधनांत काचेच्या मत्स्यपेटीचे स्थान मोठे आहे. शेतातील पीक व झाडावरील पाखरू मुले रोज पाहतात. परंतु पाण्याखालील जीवन निवांतपणे पाहण्याची संधी त्यांस क्वचितच लाभते. म्हणून पुष्कळ शिक्षक हौसेने पेटी आणतात, त्याच दिवशी पाणी भरतात, दहा-बारा मासे सोडतात आणि शोभेसाठी प्लॅस्टिकची एखादी वेल ठेवतात. आठवडा संपण्यापूर्वीच पाणी गढूळ होते आणि मासे एकामागून एक मरू लागतात. मुले हिरमुसतात, पेटी रिकामी होऊन कपाटावर जाते व पुढे तिच्यात खडू ठेवले जातात. अशा वेळी दोष माशांचा नसतो. क्रम चुकलेला असतो. पेटीत प्रथम जिवंत वनस्पती रुजल्या पाहिजेत आणि मासे त्यानंतर आले पाहिजेत. हा क्रम मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेणे, हाच या पाठाचा हेतू होय. इयत्ता चौथी व पाचवीच्या वर्गांस तो विशेष उपयुक्त आहे.

वनस्पतींचे कार्य

१७७१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. वनस्पतीचे हे कार्य केवळ प्रकाशातच चालते, ही गोष्ट यान इंगेनहाउस याने १७७९ साली पाण्यात बुडविलेल्या पानांवरील बुडबुडे पाहून दाखविली. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने पाण्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली व पाणी निवळले. हा प्रयोग त्याने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

वनस्पती प्राणवायू देतात एवढेच सांगून मात्र थांबू नये. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या खाद्यापासून अमोनिया तयार होतो आणि तो माशांस विषारी असतो. वाळूत वाढणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते. वनस्पती अमोनिया व नायट्रेट ही दोन्ही खत म्हणून शोषून घेतात. शेणखत आणि पीक यांचे नाते ज्या मुलांस ठाऊक आहे, त्यांस हे समजणे कठीण नाही. नव्या पेटीत असे जीवाणू फारच थोडे असतात. ते पुरेसे वाढण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. घाईने सोडलेले मासे नेमके याच काळात मरतात.

पूर्वतयारी

पेटी ४५ सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर उंच असावी. तळाशी स्वच्छ धुतलेल्या नदीच्या वाळूचा ५ सेंटिमीटर थर द्यावा व वर ३ सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. पाणी किती मावेल, हे मुलांकडून गणिताने काढून घ्यावे. उत्तर सुमारे १९ लिटर येते. पेटी नसल्यास रुंद काचेची बरणी चालेल. मात्र हवेतील प्राणवायू पृष्ठभागावाटेच पाण्यात मिसळतो. म्हणून बरणी गळ्यापर्यंत न भरता जेथे ती सर्वांत रुंद असेल तेथपर्यंतच भरावी.

गावच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकलेली असल्यास त्यातील क्लोरीन माशांस अपायकारक ठरतो. असे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग वापरावे. पेटी खिडकीजवळ, परंतु दुपारचे ऊन थेट पडणार नाही अशा जागी ठेवावी. ऊन फार झाल्यास पाणी तापते व काचेवर शेवाळ धरते.

निवड व लागवड

हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या वनस्पती तलाव, कालवे व बंधाऱ्याचे संथ पाणी यांत आढळतात. त्या शिक्षकाने स्वतः काठावरून काठीने ओढून काढाव्यात. मुलांस पाण्यात उतरू देऊ नये. हायड्रिलाच्या खोडावर बारीक पाने वर्तुळाकार मांडलेली असतात. व्हॅलिस्नेरियाची पाने फितीसारखी लांब असून मुळापासूनच निघतात. लोक या दोहोंसही ‘शेवाळ’च म्हणतात, परंतु खऱ्या शेवाळास मूळ, खोड, पान व फूल नसते, हा भेद मुलांस नमुने हाती देऊन दाखवावा.

आणलेल्या वनस्पती नीट धुऊन तीन-चार दिवस निराळ्या बादलीत ठेवाव्यात. पानांआड जळवा किंवा चतुराच्या अळ्या असतात आणि त्या अळ्या लहान मासे खातात. मुलांनी रोज बादली निरखून असे प्राणी वेचून काढावेत.

लागवडीच्या वेळी पेटीत निम्मेच पाणी असावे. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतले, म्हणजे वाळू उसळत नाही. व्हॅलिस्नेरियाची मुळे वाळूत पुरावीत. मात्र जेथून पाने फुटतात तो भाग वरच राहू द्यावा, अन्यथा तो कुजतो. हायड्रिलाचे १५ सेंटिमीटर लांबीचे पाच-सहा तुकडे घेऊन खालची पाने काढावीत, सुती दोऱ्याने लहानसा खडा बांधावा व ती जुडी वाळूत रोवावी. उंच वनस्पती मागच्या बाजूस लावाव्यात, म्हणजे पुढून निरीक्षण करता येते.

मासे केव्हा सोडावेत ?

तीन आठवडे पेटीत मासे नसावेत. ‘गुरुजी, मासे कधी ?’ असे मुले रोज विचारतील. तेव्हा त्यांस नवे पान फुटले का, मूळ लांबले का, हे पाहावयास सांगावे व त्याची नोंद वहीत करवून घ्यावी. नवे फुटवे दिसू लागले, म्हणजे प्रथम दोनच मासे सोडावेत आणि दोन आठवड्यांनी आणखी दोन. यापेक्षा अधिक गर्दी करू नये. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे यासाठी सोयीचे असतात. आरोग्य विभाग त्यांची पैदास करीत असल्याने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करावी. गप्पीची मादी पिल्लांनाच जन्म देते आणि हायड्रिलाच्या दाटीत ती पिल्ले आश्रय घेतात. पिल्ले वाढून गर्दी झाल्यास जादा मासे त्याच केंद्रास परत द्यावेत.

खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे आणि त्याची पाळी रोज एकाच मुलाकडे असावी. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी काढून शाळेच्या बागेस घालावे व तितकेच मुरविलेले पाणी भरावे. सर्व वाळू उपसून धुतल्यास त्यातील जीवाणूही जातात आणि पेटी पुन्हा नव्यासारखी होते. पिवळी पाने तत्काळ काढावीत.

निरीक्षण व प्रश्न

१. हायड्रिलाची डहाळी पाण्याच्या पेल्यात ठेवून एका मिनिटात किती बुडबुडे निघतात ते मोजावे. पेला प्रथम उन्हात व नंतर सावलीत ठेवावा. फरक का पडला ?

२. मासे सकाळी लवकर पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात का ? रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, हे या प्रश्नातून मुलांकडून वदवून घ्यावे. मासे असे करीत असल्यास पेटीत गर्दी झाली आहे किंवा काही कुजत आहे, असे समजावे.

३. दर सोमवारी एकाच पानाची लांबी मोजावी व आलेख काढावा.

दक्षता

वाढलेल्या वनस्पती छाटून नदीत किंवा विहिरीत टाकू नयेत. हायड्रिला लहानशा तुकड्यापासूनही फोफावते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने इंद्रायणी व पंचगंगा यांसारख्या नद्यांची काय अवस्था केली, हे मुलांस सांगावे. छाटलेला भाग उन्हात वाळवून खताच्या खड्ड्यात टाकावा.

एवढी काळजी घेऊनही एखादा मासा मरतो. तो मुले येण्यापूर्वी गुपचूप काढून त्याच्या जागी दुसरा आणून सोडू नये. मुलांसमक्ष तो बाहेर काढावा, मागील आठवड्याच्या नोंदी वाचाव्यात आणि कारण त्यांनाच शोधू द्यावे. खाद्य जास्त पडले असेल, पाणी न मुरविता भरले असेल किंवा पेटी उन्हात आली असेल. पाणी घालण्यात शिक्षकाचीच चूक झाली असेल, तर तीही वहीत तारखेसह लिहावी.