मृत ज्वालामुखीच्या मुखांत

ज्वालामुखीचें मुख म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें तोफेचें तोंड उभें राहतें. स्फोट झाला, शिखर उडालें व खड्डा उरला, अशी ती समजूत. युगांडा व केनिया यांच्या सीमेवरील एल्गॉन या मृत ज्वालामुखीचें मुख प्रत्यक्ष पाहिलें असतां ती टिकत नाहीं.

हा डोंगर किलिमांजारोहून पुष्कळ जुना. तळाशीं त्याचा विस्तार सुमारें ५० मैल असून वागागाई हें सर्वोच्च शिखर १४,१७७ फूट उंच आहे. पायथ्याचे बागिसू लोक त्याला मसाबा म्हणतात. चढण मंद असल्यामुळें दुरून तो उंच भासतच नाहीं, आणि नवखा चालणारा येथेंच फसतो.

युगांडाच्या बाजूनें बुडादिरी गांवाहून जाऊन येण्यास बहुधा चार दिवस लागतात. बरोबर वाटाड्या असावाच लागतो. पहिल्या दिवशीं कॉफीचे व केळींचे मळे मागें टाकून, कडा चढून, दाट रानांत शिरावयाचें. दुसऱ्या दिवशीं झाडें खुजीं होत जातात आणि मग अकस्मात् माणसाहून उंच अशा विलक्षण वनस्पति दिसूं लागतात. रात्रीं तेथें हिंव पडतें. एका जातीच्या झाडाचीं वाळलेलीं पानें गळून न पडतां खोडाभोंवतीं तशींच राहतात. तीच त्याची घोंगडी! दुसरी एक वनस्पति सायंकाळीं पानें मिटून आंतील कोंब झांकून घेते.

हवा विरळ झाली कीं डोकें दुखतें, मळमळतें. वाटाड्या चाल मुद्दाम मंद ठेवितो; अंगांत रग असलेल्या तरुणाला तें कंटाळवाणें वाटतें. परंतु दुखणें वाढल्यास खालीं उतरणें हाच खरा उपाय, आणि तो वेळींच योजावा लागतो. म्हणून वाटाड्यानें 'परत फिरा' म्हटलें तर शिखर हांकेच्या अंतरावर असलें तरी वाद घालूं नये.

तिसऱ्या दिवशीं कांठावर पोहोंचल्यावर खालीं दिसतें तें सुमारें पांच मैल रुंदीचें गवताळ, पाणथळ पठार. धान्याची कणगी खालच्या आण्यांतून रिकामी होऊं लागली म्हणजे वरचें धान्य मध्यें खचतें, तसेंच येथें घडलें. पोटांतील वितळलेला रस निघून गेला, आधार नाहींसा झाला आणि माथा आंत बसला. आपल्या सह्याद्रीचा पाषाणहि लाव्ह्याचाच. पण तो बहुतांशीं लांबच लांब भेगांतून वाहिला, म्हणून तेथें असें मुख दिसत नाहीं.

या मुखांतील पाणी सुआम नदी पूर्वेकडील खिंडारांतून बाहेर नेते. पुढें तीच तुर्कवेल या नांवानें तुर्काना सरोवरास मिळते. खिंडारापाशीं ऊन पाण्याचे झरे आहेत. डोंगर मृत खरा, परंतु खोलवरची ऊब अद्याप गेलेली नाहीं. झरे पाहावयाचे असल्यास मात्र आणखी एक दिवस राखून ठेवावा. चार दिवसांत तें साधणें कठीण.