तारेविना घरगुती इंटरनेट : जोडणी निवडताना घ्यावयाची काळजी



सातबारा उतारा, ई-पीक पाहणी, महाडीबीटीवरील अर्ज, हवामानाचा अंदाज, बाजारभाव आणि मुलांचा अभ्यास ही सर्व कामे आता इंटरनेटवर होतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी रेंज गेली तर पूर्ण हंगामाचा लाभ हातचा जातो. तलासरी तालुक्यातील झाई, तसेच डहाणू तालुक्यातील बोर्डी, घोलवड या किनारपट्टीवर अनेक घरे चिकूच्या वाडीत, रस्त्यापासून आत आहेत. अशा घरापर्यंत केबल ओढणे अवघड व खर्चाचे असते. त्यामुळे टॉवरवरून हवेतून येणारे इंटरनेट घेण्याकडे कल वाढत आहे.

ही जोडणी घेताना बहुतेक जण प्रथम प्लॅन पाहतात. जाहिरातीतील वेग व दर पाहून वर्षाचे पैसे भरतात आणि नंतर वेग मिळत नाही म्हणून हळहळतात. विहिरीला किती पाणी आहे हे न पाहता दहा अश्वशक्तीचा पंप बसवावा, तसा हा प्रकार आहे. पंप कितीही मोठा असला तरी विहिरीत असेल तेवढेच पाणी मिळते. म्हणून आधी रेंज मोजावी, नंतर गरज काढावी आणि शेवटी प्लॅन निवडावा. हा क्रम कसा पाळावा याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

प्रथम केबलची चौकशी करावी

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्र शासनाची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास मंजुरी देण्यात आली. आपल्या ग्रामपंचायतीत फायबर पोचले आहे काय व तेथून घरगुती जोडणी मिळते काय, याची चौकशी ग्रामपंचायत कार्यालयात व बीएसएनएलकडे करावी. केबल मिळत असल्यास तिला प्राधान्य द्यावे. पाऊस, झाडे व गर्दी यांचा केबलवरील वेगावर फारसा परिणाम होत नाही. केबल मिळत नसेल तरच पुढील पर्यायांचा विचार करावा.

उपलब्ध प्रकार

१) मोबाइलचे हॉटस्पॉट : नवीन खर्च नाही. मात्र रोजच्या डेटाची मर्यादा असते आणि फोन घराबाहेर गेला की इंटरनेटही जाते.

२) सिमकार्डावर चालणारा राउटर : घरातच राहतो. बाहेरचा अँटेना जोडता येणारा राउटर घेतल्यास कमी रेंजच्या जागी उपयोग होतो.

३) ५जी घरगुती जोडणी : देशात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने व सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने एअरफायबर नावाने घरगुती सेवा आणली. यात छपरावर किंवा खांबावर एक पेटी बसवितात. ती टॉवरकडून लहरी घेते व वायरने घरातील राउटरला देते.

४) समोरासमोरची रेडिओ जोडणी : बीएसएनएलची भारत एअरफायबर सेवा या प्रकारची आहे. सेवा देणाऱ्याचा मनोरा व आपली लहान डिश यांच्यामध्ये मोकळी दृष्टी असावी लागते. एखादे झाड आड आले तरी जोडणी बिघडते.

२००० नंतरच्या काही वर्षांत गावोगावी आलेले डब्ल्यूएलएल फोन अनेकांना आठवत असतील. तारेविना चालणारा तो फोनही अँटेना कोठे बसविला यावर चालत असे. तंत्र बदलले, तरी हा नियम बदललेला नाही.

रेंज कशी मोजावी

फोनवरील उभ्या रेघांवर विसंबू नये. फोनच्या सेटिंगमध्ये सिमची स्थिती पाहिल्यास सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो. हा आकडा उणे असतो. म्हणून उणे ८५ हा उणे १०५ पेक्षा चांगला. १० डीबीएमचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. ढोबळमानाने उणे ९० पेक्षा चांगला आकडा समाधानकारक, उणे ९० ते १०५ मध्यम आणि उणे ११० पेक्षा खाली गेल्यास जोडणी घेण्यात अर्थ नाही असे समजावे.

आकड्याबरोबर वेगही मोजावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, माय स्पीड हे ॲप त्यासाठी वापरता येते. मोजणी पुढीलप्रमाणे करावी.

१) ज्या कंपनीची जोडणी घ्यावयाची तिचेच सिम वापरावे. स्वतःकडे नसल्यास शेजाऱ्याचा फोन आणावा. ५जी जोडणी घ्यावयाची असल्यास फोनही ५जी असावा.

२) पेटी जेथे बसणार तेथे, म्हणजे छपरावर किंवा गच्चीवर मोजावे.

३) सलग सात दिवस सकाळी ७, दुपारी २ व रात्री ९ वाजता मोजून वहीत नोंद करावी. एका टॉवरची क्षमता सर्व ग्राहकांत वाटली जाते, त्यामुळे रात्रीचा वेग सर्वांत कमी असतो. निर्णय रात्रीच्या आकड्यावरच घ्यावा.

४) डाउनलोडबरोबर अपलोडही लिहावा. नुकसानीचे फोटो किंवा अर्जाची कागदपत्रे पाठविताना अपलोडच कामी येतो.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या मोबाइल सेवेचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. हे नकाशे जरूर पाहावेत. मात्र नकाशा गावाचा अंदाज देतो, आपल्या छपराचा नाही.

चिकूची वाडी, सुरूची झाडे आणि पाऊस

या भागात सर्वांत महत्त्वाची बाब ही आहे. पानांतील पाणी रेडिओ लहरी शोषून घेते. चिकू सदाहरित असल्याने बारमाही दाट पानोरा असतो. १० x १० मीटर अंतरावर लावलेल्या जुन्या कालीपत्तीच्या बागेतही फांद्या एकमेकींना भिडलेल्या आढळतात. किनाऱ्यावर सुरूची झाडे आणखी उंच असतात. पावसात भिजलेली पाने कोरड्या पानांपेक्षा जास्त अडथळा करतात.

सर्व लहरी सारख्या नसतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात व झाडीतूनही बऱ्यापैकी पार होतात. ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जास्त वेग देतात, परंतु झाडीत लवकर क्षीण होतात. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर ५जी उत्तम चालते आणि शंभर मीटर आत, वाडीतील घरात चालत नाही, असे घडते. अशा घरी चांगल्या अँटेनाची ४जी जोडणी अधिक भरवशाची ठरू शकते.

उपाय म्हणून पेटी टॉवरच्या दिशेला, शक्यतो झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बसवावी. रेंजसाठी चिकूची छाटणी करू नये. चिकूला फुले व फळे फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, त्यामुळे तेवढे उत्पन्न घटते आणि काही महिन्यांत फूट येऊन अडथळा पुन्हा उभा राहतो.

एप्रिल-मे महिन्यात घेतलेली चाचणी जुलैमध्ये खरी ठरेलच असे नाही. नवीन वाण आपण प्रथम थोड्या क्षेत्रावर घेऊन पाहतो. त्याचप्रमाणे जोडणी प्रथम महिन्याच्या पैशावर घ्यावी आणि पावसाळ्याचे दोन महिने पाहूनच वर्षाचे पैसे भरावेत.

सीमेवरील गावांसाठी

झाईच्या उत्तरेस गुजरातचा उंबरगाव तालुका लागतो. दूरसंचार सेवेसाठी महाराष्ट्र-गोवा व गुजरात ही वेगवेगळी सेवाक्षेत्रे आहेत. सीमेवर फोन कधी या, तर कधी त्या राज्यातील टॉवर पकडतो. मोबाइलला त्याची विशेष अडचण नाही. घरगुती जोडणी मात्र ठराविक पत्त्याशी बांधलेली असते. पलीकडील दुकानातून जोडणी घेण्यापूर्वी आपल्या पिनकोडवर ती मिळते काय, कोणत्या टॉवरवरून मिळणार आणि बिघाड झाल्यास कोणत्या गावचा कारागीर येणार, हे विचारून घ्यावे.

गरजेचा हिशेब

वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डेटा गिगाबाइटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. एक मेगाबिट वेगाने तासभर सतत वापर केल्यास सुमारे ०.४५ जीबी डेटा लागतो. हे एक सूत्र लक्षात ठेवल्यास घरचा हिशेब घरीच काढता येतो. उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ.

१) दोन मुलांचे ऑनलाइन वर्ग, प्रत्येकी रोज १ तास, १ मेगाबिट वेग, महिन्यास २५ दिवस : २२.५ जीबी

२) टीव्हीवर रोज २ तास कार्यक्रम, ३ मेगाबिट वेग, ३० दिवस : ८१ जीबी

३) बाजारभाव, अर्ज, फोटो व निरोप, रोज अर्धा जीबी : १५ जीबी

एकूण ११८.५, म्हणजे सुमारे १२० जीबी. यातून टीव्ही वगळला तर ३७.५ जीबी उरतात. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकमध्ये महिन्यास ५६ ते ६० जीबी मिळतात. अशा घरी वेगळ्या जोडणीची गरजच नाही, हॉटस्पॉट पुरेसे आहे.

आता वाडीत एक कॅमेरा बसविला व त्याचे चित्रण इंटरनेटवर साठविले असे समजा. १ मेगाबिट वेगाने चोवीस तासांत १०.८ जीबी आणि महिन्यास ३२४ जीबी लागतात. म्हणजे एकटा कॅमेरा सर्व घराच्या जवळजवळ तिप्पट डेटा खातो. त्यासाठी चित्रण कार्डावर साठविणारा आणि हालचाल दिसल्यावरच पाठविणारा कॅमेरा घ्यावा.

वेगाचे पाहता, दोन्ही वर्ग व टीव्ही एकाच वेळी चालल्यास ५ मेगाबिट लागतात. दुप्पट राखीव धरली तरी १० होतात. म्हणजे रात्री ९ वाजता खात्रीने १० ते १५ मेगाबिट मिळाले तर या घराचे काम भागते. १०० मेगाबिटच्या प्लॅनची गरज नाही.

खर्चाचा हिशेब

जाहिरातीतील दरात बहुधा कर धरलेला नसतो. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा एक प्लॅन ६०० रुपयांचा व दुसरा ९०० रुपयांचा आहे. करासह ते ७०८ व १०६२ रुपये होतात. महिन्याचा फरक ३५४ रुपये, तर वर्षाचा ४२४८ रुपये होतो. रात्रीची रेंजच २० मेगाबिटची असेल तर हे ४२४८ रुपये वाया जातात. याखेरीज बसवणी आकार, अनामत रक्कम व खांबाचा खर्च धरून पहिल्या वर्षाची एकूण रक्कम काढावी व तिचीच तुलना करावी.

बसविताना घ्यावयाची काळजी

१) खाऱ्या हवेमुळे साधे लोखंड लवकर गंजते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप व स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या वापराव्यात. वायरचे सांधे पाणी न शिरेल असे बंद करावेत.

२) डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवले आहेत आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा तडाखा किनाऱ्याला बसला. म्हणून खांब कुडाच्या किंवा तडा गेलेल्या भिंतीला बांधू नये. जमिनीत पाया घेऊन उभा करावा व ताण द्यावा.

३) खांबाला अर्थिंग करावे. विजा चमकू लागताच राउटर व पेटी यांचे प्लग काढावेत. खांब विजेच्या तारांपासून दूर ठेवावा.

४) वीज गेल्यावरही इंटरनेट चालावे यासाठी राउटरचा लहान यूपीएस घ्यावा. त्याचे व्होल्ट राउटरच्या ॲडॉप्टरवरील आकड्याशी जुळतात काय ते पाहावे. बाहेरील पेटीलाही त्यावरून वीज मिळते याची खात्री करावी.

५) टॉवरच बंद पडला तर यूपीएसचा उपयोग नाही. म्हणून घरातील एका फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालू ठेवावे. समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबांनी वादळाच्या दिवसांत हे विशेषत्वाने पाळावे.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) महिन्याची डेटा मर्यादा किती व ती संपल्यावर वेग किती राहतो?
२) वेग न मिळाल्यास किती दिवसांत जोडणी परत करता येते व अनामत केव्हा मिळते?
३) पेटी मालकीची की कंपनीची? वाऱ्याने किंवा विजेने बिघडल्यास खर्च कोणाचा?
४) वर्षाचे पैसे भरून मध्येच बंद केल्यास उरलेली रक्कम मिळते काय?

उत्तरे लेखी किंवा मोबाइलवरील संदेशात घ्यावीत. भारतात २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणविण्यासाठी किमान २ मेगाबिट डाउनलोड वेग ठरलेला आहे. सेवा बिघडल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. तेथे निकाल न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सात दिवसांच्या मोजणीची वही अशा वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

सारांश, छपरावर रात्री ९ वाजता रेंज मोजावी, घरची गरज सूत्राने काढावी, करासह वर्षाचा खर्च मांडावा आणि पावसाळा पाहिल्याखेरीज वर्षाचे पैसे भरू नयेत. विहिरीचे पाणी पाहूनच पंप घेण्याची आपली जुनी रीत येथेही पाळल्यास फसगत टळेल आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी तालुक्याच्या गावी धावण्याची वेळ येणार नाही.