दोन नोकऱ्यांच्या मधले दिवस तुझेच आहेत

अगं, ऑफर आली हे ऐकून फार बरं वाटलं. पण शुक्रवारी इथलं संपवून सोमवारी लगेच तिकडे रुजू होणार म्हणालीस, ते काही मनाला पटलं नाही. असं करू नकोस. मध्ये तीन आठवडे ठेव. तीन जमत नसतील तर दोन ठेव, पण ठेवच.

नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड म्हणजे काय असतं ते तू आता भोगते आहेसच. जुनं काम सुटत नाही, नव्या माणसाला शिकवायचं, आणि रोज बोरिवलीहून अंधेरीपर्यंत लेडीज डब्यात उभं राहायचं. हा शीण दोन दिवसांत उतरत नाही. नव्या ऑफिसात प्रोबेशन संपेपर्यंत मोठी रजा मागायला जीभ उचलणार नाही. म्हणून तारीख आत्ताच माग, ऑफर लेटरवर सही करण्याआधी. तेव्हा त्यांना तू हवी असतेस. सही झाल्यावर ‘जरा पुढे ढकलता का’ विचारायला जड जातं.

आता पैशांचं. मधल्या दिवसांचा पगार नाही, हे तर उघडच आहे. पण जुन्या कंपनीचा फुल अँड फायनल शेवटच्या दिवशी हातात पडेलच असं नाही, आणि नव्या ठिकाणी महिन्याच्या उत्तरार्धात रुजू झालीस तर पहिला पगार कधीकधी पुढच्या महिन्यावर जातो. दोन महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असू दे. पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो. ट्रान्सफर केलास तर आधीची वर्षंही धरली जातात. जुन्या कंपनीने पोर्टलवर तुझी सोडल्याची तारीख टाकली आहे ना, तेही बघ. नव्या कंपनीला या वर्षीच्या आधीच्या पगाराचा आकडा आपणहून दे, नाहीतर टीडीएस कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम भुर्दंड बसतो. आणि लोकलचा त्रैमासिक पास आता काढू नकोस, मार्गच बदलणार आहे.

आईच्या मोतीबिंदूचं मात्र नीट ऐक. ‘मी घरी असेन तेव्हा करू ऑपरेशन’ असं तू ठरवलंयस, ते उलटं कर. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे तुझ्या शेवटच्या दिवशीच संपतो, आईबाबांचाही. स्वतंत्र पॉलिसी घेतलीस तरी अपघात सोडून पहिले तीस दिवस दावा चालत नाही, आणि मोतीबिंदूसारख्या आजारांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडील असतीलच याची खात्री नाही, ते आधी विचारून घे. ऑपरेशन नोटीसच्या काळातच उरकून टाक. त्यासाठी दोन दिवस रजा मिळाली नाही तर बिनपगारी घे.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. तू घरी आहेस म्हटल्यावर सगळ्यांना कामं आठवतील. गॅसवाला येणार आहे, तू आहेस ना. पेस्ट कंट्रोल करून घेऊ, तू आहेस ना. सासूबाईंना बँकेत, मुलांना क्लासला, नणंदेच्या खरेदीला, सगळीकडे तू. कोणी वाईट मनाने करत नाही, पण सुट्टी अशीच संपते. नवरा दोन नोकऱ्यांच्या मध्ये घरी बसला तर त्याला कोणी पेस्ट कंट्रोलचं सांगत नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय आणि मला त्याची चीड येते. म्हणून सुट्टी सुरू होण्याआधीच घरात बसून सांग, मोठ्याने सांग: पासपोर्टचं नूतनीकरण, नॉमिनीचे फॉर्म, दाताचा डॉक्टर, ही माझी कामं मी पहिल्या आठवड्यात करणार. घरचं एखादं काम करीन. बाकीचे दिवस मला हवेत. स्वयंपाकाच्या बाई येतात त्यांची सुट्टी करू नकोस. मुलांचा पाळणाघराचा महिना चालू ठेव. ते पैसे वाया जात नाहीत.

पहिले काही दिवस नुसती झोप. अलार्म लावू नकोस. लिंक्डइन उघडू नकोस, नव्या कामाचा कोर्सही आत्ता नको.

मग शनिवार-रविवारात कधीच मावत नाही असं एक काहीतरी कर. तू इतकी वर्षं बोरिवलीत राहतेस, कान्हेरी शेवटची कधी पाहिलीस? शाळेच्या सहलीत. सोमवारी बंद असतं, म्हणून मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नॅशनल पार्कच्या गेटवरून निघ. शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनापूर्वीपासून हजारेक वर्षं खोदत आलेली. एकटी जा. मोठं चैत्यगृह बघून सगळे परततात, तू वर चढत राहा. खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि त्यांच्याकडे पाणी नेणारे पाट बघ. त्या भिक्षूंनी पावसाचं पाणी किती विचाराने साठवलं होतं, हे तिथे उभं राहून कळतं.

त्याहून लांब जायचं तर नॅन्सी कॉलनीतून एसटी पकड आणि मामाकडे गावी जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला बायकांना अर्धंच तिकीट आहे. नाहीतर इगतपुरीच्या धम्मगिरीचं विपश्यना शिबिर कर, तुझ्या मनात केव्हापासून आहे. शिबिर दहा दिवसांचं, पण येण्याजाण्याचे धरून बारा दिवस लागतात. मौन, मोबाइल जमा, फी नाही, दानावर चालतं. नोकरीत असताना इतके दिवस सलग कोण देणार? जागा लवकर भरतात, तेव्हा तारीख ठरली की लगेच अर्ज कर.

तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची नोकरी गेली आहे, तिला हे सगळं सांगू नकोस. तिची सुट्टी तिने मागितलेली नाही. तिच्याबरोबर बसून हप्त्यांचा हिशेब कर, ओळखीत तिचा बायोडेटा दे, आणि आठवड्यातून एकदा तिला घराबाहेर काढ. कान्हेरीला तिलाही नेलंस तर उत्तमच.

रुजू होण्याच्या आठवड्यात एक सकाळ नव्या प्रवासाला दे. अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर, तिथून विक्रोळी, ऑफिसच्या वेळेलाच. २०१४ मध्ये ही मेट्रो सुरू झाली तेव्हापासून पूर्व-पश्चिम जाणं सोपं झालंय, पण घाटकोपरच्या पुलावरची सकाळची गर्दी एकदा अनुभवली की घरून किती वाजता निघायचं ते नक्की कळतं.

उद्या एचआरचा फोन आला की तारीख तीन आठवडे पुढची माग. कारण विचारलं तर खरं सांग, विश्रांती हवी आहे म्हणून. आणि सही करायच्या आधी मला फोन कर.