कोंबडी खाते, पण घालते का? रक्त काय सांगतं ते बघा

अमरावती-अकोल्याकडच्या कुक्कुटपालक भावांनो आणि ताईंनो, आजचा धडा हिशोबाचा आहे. वही घेऊन बसा.

समजा, तुमच्याकडे २०० लेयर आहेत आणि त्यातल्या २० अंडी देत नाहीत. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे महिन्याला ६६ किलो खाद्य फुकट गेलं. तुमच्या भावाने गुणून बघा.

रक्तात काय दिसतं?
एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते रक्तातूनच जातं. कोंबड्याच्या किंवा न घालणाऱ्या कोंबडीच्या १०० मिली रक्तद्रवात साधारण १० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. घालणाऱ्या कोंबडीत २० ते ३०. रिडल आणि राइनहार्ट या अमेरिकन संशोधकांनी १९२६ मध्ये कबुतरांत अशीच वाढ नोंदवली होती.

मग यावरून नर-मादी ओळखता येते का?
नाही! ही वाढ इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे होते. कोंबड्याला इस्ट्रोजेन टोचलं तर त्याचंही कॅल्शियम चढतं. आणि तलंग मादी असूनही घालायला येईपर्यंत तिचं कॅल्शियम कमीच असतं. लिंग ठरतं गुणसूत्रांवर: नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. त्यासाठी रक्ताची डीएनए तपासणी वेगळी.

धंद्यात उपयोग कसा?
प्रत्येक कोंबडीची तपासणी परवडत नाही. अंडी अचानक घटली, तरच पशुवैद्यकाकडून मोजक्या कोंबड्यांच्या पंखाखालच्या शिरेतून नमुने घ्या.

- कॅल्शियम चढलेलं, पण अंडी नाहीत: कोंबड्या बहुधा घालताहेत. अंडी फुटतात, खाल्ली जातात की चोरीला जातात, ते शोधा.
- कॅल्शियम उतरलेलं: घालणं थांबलंय. खाद्य, उजेड, पिसं झडणं, खुडूकपणा, आजार तपासा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात कोंबडी खातेच कमी, हे विसरू नका.

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथे सल्ला विचारा.

आजचा गृहपाठ: रोजची तपासणी बोटांनी करा. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसली, तर कोंबडी घालती. जेमतेम एक बसलं, तर तिच्या पायात खुणेची रिंग घाला. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, आणि मगच विकायचा निर्णय घ्या. घाईत चांगली कोंबडी विकली, तर तोटा आपलाच!